फेरारी आणि फाब्री : व्यवसायवाचक आडनावांच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न

इटलीतील आडनावे संख्येच्या क्रमाने मांडली, तर रोस्सी आणि रूस्सो यांच्या मागोमाग तिसऱ्या स्थानी फेरारी हे आडनाव येते. पहिली दोन केसांच्या अथवा वर्णाच्या तांबूसपणावरून पडलेली आहेत, तिसरे धंद्यावरून. आडनावांचे अर्थ सांगणाऱ्या लोकप्रिय पुस्तकांत फेरारीपुढे ‘लोहार’ एवढाच अर्थ दिलेला असतो आणि तेवढ्याने जिज्ञासूचे समाधानही होते. हा अर्थ चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु शब्दाचा अर्थ आणि आडनावाचा अर्थ या दोन भिन्न गोष्टी होत. शब्दाचा अर्थ कोशातून कळतो. आडनावाचा अर्थ कळण्यासाठी ते नाव कोणी, कोणाला, कोणत्या भाषेत आणि कोणत्या निमित्ताने दिले याचा निर्णय व्हावा लागतो. पहिला हाती आला की दुसराही आलाच असे गृहीत धरण्याची सवय या विषयात फार जुनी आहे. तिची परीक्षा करण्यास लोहारवाचक आडनावांइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नसावे. कारण या एका धंद्याने इटलीला दोन निरनिराळ्या शब्दांपासून झालेली आडनावे दिली आहेत, आणि त्या दोन शब्दांचे मूळ मात्र एकाच शब्दबंधात आहे.

लॅटिनमध्ये ‘फाबेर’ म्हणजे कठीण द्रव्यावर काम करणारा कोणताही कारागीर. लाकूडकाम करणारा तो फाबेर तिग्नारियुस, तांब्याकांशाचे काम करणारा फाबेर एरारियुस आणि लोखंडाचे काम करणारा फाबेर फेरारियुस. धातू वा द्रव्य कोणते हे विशेषणाने सांगावे लागे. नुसत्या फाबेरवरून ते कळत नसे. लॅटिन बायबलात योसेफाचा धंदा सांगताना एवढाच एक शब्द योजलेला आहे. त्याला सुतार ठरवले ते परंपरेने, शब्दाने नव्हे. पुढे लॅटिनच्या लोकभाषा झाल्या तेव्हा हा जोडशब्द मोडला. काही प्रदेशांनी विशेष्य ठेवले, विशेषण सोडले आणि फाबेरचा अर्थ आकुंचित होऊन तो लोहारापुरता उरला. इतर प्रदेशांनी विशेषणच ठेवले आणि त्यालाच नाम बनवले. मोटारगाडीला कोणी ‘मोटार’ म्हणावे आणि कोणी ‘गाडी’ म्हणावे, तसाच हा प्रकार. एका धंद्याची दोन नावे पडण्याचे कारण एवढेच आहे. धंद्यात कोणताही भेद नव्हता. भेद झाला तो बोलींत.

हा भेद आडनावांच्या नकाशावर आजही स्वच्छ दिसतो. तोस्काना आणि रोमान्या या प्रदेशांत फाब्री हे आडनाव विपुल आहे. पूर्वोत्तरेस व्हेनेतो आणि फ्रिऊली येथे फाबेरचीच संतती आढळते, पण तेथील बोलीत ‘ब’चा ‘व्ह’ झाल्यामुळे आणि ‘व्ह’ व ‘र’ यांच्यामध्ये एक स्वर शिरल्यामुळे तिने फाव्हेरो, फाव्हारो, फाव्हारेत्तो अशी रूपे घेतली आहेत. फाब्रिस, फाव्ह्रेत्तो आणि देल फाब्रो हीही त्याच बाजूची. आल्प्सच्या कुशीतील आओस्ताच्या खोऱ्यात फाव्ह्र हे फ्रेंच वळणाचे रूप येते. याच्या उलट एमिलिया, लोम्बार्दिया आणि लिगूरिया या पट्ट्यात फेरारीचे राज्य आहे; पिएमोंतेत फेरेरो, फेरेरी आणि फेरारिस; दक्षिणेकडे काम्पानिया, कालाब्रिया व सिसिली येथे फेरारो. मौज अशी की, प्रमाण इतालियन भाषा तोस्कानाच्या बोलीवर उभी असल्यामुळे तिच्यात लोहाराला ‘फाब्रो’ म्हणतात. म्हणजे देशातले तिसऱ्या क्रमांकाचे आडनाव ज्या शब्दापासून झाले, तो शब्द प्रमाण भाषेत लोहाराचे रूढ नाव नाही. फेरारी हे नाव ऐकणाऱ्या इतालियन माणसाला त्यातले लोखंड ऐकू येते, लोहार मात्र थोडा विचार करून ओळखावा लागतो.

प्रत्ययांची साक्ष याहूनही सूक्ष्म आहे. धंदा दाखवणारा लॅटिन ‘-आरियुस’ हा प्रत्यय तोस्कानात ‘-आयो’ झाला, पिएमोंतेत ‘-एरो’ आणि अन्यत्र बहुतेक ठिकाणी ‘-आरो’. चांभारवाचक आडनाव फ्लॉरेन्सकडे काल्त्सोलाइ असते आणि बोलोन्याकडे काल्त्सोलारी, ते यामुळेच. या नियमाने पाहता, फेरारी हे आडनाव मूळच्या तोस्कानी बोलीतून निपजणे कठीण. तेथे ‘र’चा लोप झालेले रूप अपेक्षित आहे. तेव्हा फ्लॉरेन्समधील एखादे फेरारी घराणे एक तर बाहेरून आलेले असावे किंवा त्याचे नाव लॅटिन जाणणाऱ्या लेखनिकाच्या हातून घडलेले असावे. यांतले काय घडले हे नावावरून कधीच कळणार नाही. ते कागदपत्रच सांगू शकतील. व्युत्पत्तिशास्त्राची मर्यादा येथे लक्षात येते. ते शक्यता मोजून देते, निवाडा देत नाही.

लेखनिकाचा हात आणखी एका ठिकाणी दिसतो. फेरारी, फाब्री यांच्या शेवटी येणाऱ्या ‘ई’चे स्पष्टीकरण दोन प्रकारांनी केले जाते. एका मताप्रमाणे ते अनेकवचन आहे : लोहाराच्या घरातील सारी मंडळी ती ‘फेरारी’. दुसऱ्या मताप्रमाणे ती लॅटिन षष्ठी आहे : करारनामे लिहिणारे नोटरी मुलाच्या नावापुढे बापाचे नाव वा बापाचा धंदा षष्ठीत लिहीत, त्या ‘लोहाराचा’ या रूपाचे पुढे आडनाव झाले. दोन्ही मतांना आधार आहे, आणि प्रत्येक घराण्याबाबत एकच मत खरे असले पाहिजे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. मात्र पिएमोंतेतील फेरारिस या रूपाचा ‘स्’ लॅटिन लेखनातून उतरलेला आहे हे बहुतेकांना मान्य आहे; ‘दे फेरारीस’, म्हणजे ‘लोहारांपैकी’, या पंचमी अनेकवचनाचे ते अवशेष रूप. फिरत्या चुंबकक्षेत्राचा सिद्धान्त १८८५ मध्ये मांडणारे गालिलेओ फेरारिस (१८४७–१८९७) यांच्या आडनावात हा लॅटिन ‘स्’ आहे. त्यांच्या सन्मानार्थ त्यांच्या जन्मगावाचे नाव लिव्होर्नो फेरारिस असे करण्यात आले. काही शतकांनंतर एखादा घाईचा अभ्यासक त्या गावात लोहारांची वसाहत शोधू लागला, तर त्याला दोष देता येणार नाही. जुन्या ग्रामनामांच्या बाबतीत याच तऱ्हेची अनुमाने नित्य केली जातात.

आधुनिक काळात या क्षेत्राला शास्त्राचे रूप दिले ते एमिदिओ दे फेलिचे यांनी. त्यांचा इतालियन आडनावांचा कोश १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८० मध्ये टेलिफोनच्या याद्यांवरून आडनावांची संख्या व प्रसार मोजणारा त्यांचा ग्रंथ आला. त्यापूर्वी या विषयात हौशी व्युत्पत्तिकारांचा जो सुकाळ होता तो पाहिला म्हणजे दे फेलिचे यांच्या कार्याचे मोल कळते. एका मूळ रूपाखाली त्याची सर्व रूपांतरे, लघुत्वदर्शक व जोडरूपे एकत्र आणण्याची त्यांची पद्धत भाषिक दृष्टीने निर्दोष आहे. तथापि तिच्यात एक उणीव राहते. फेरारी, फेरारो, फेरेरो, फेरारिस ही एका नोंदीत आली की ती एका कुळाची पोटनावे असल्याचा भास होतो. वस्तुतः त्यांचा परस्परसंबंध शब्दाचा आहे, रक्ताचा नाही. शेकडो गावांतल्या शेकडो लोहारांना स्वतंत्रपणे एकच नाव मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. उलट फाब्री आणि फेरारी ही एकाच शब्दबंधाची दोन शकले वर्णानुक्रमामुळे कोशात दूर जाऊन पडतात. हा दोष कोशकाराचा नसून कोश या प्रकाराचाच आहे. पण वाचणाऱ्याने तो ओळखला पाहिजे.

टेलिफोनच्या याद्यांबाबत अधिक सावधगिरी हवी. टेलिफोन घरटी एक असे, आणि १९७० च्या दशकात तो उत्तरेच्या मानाने दक्षिणेत कमी घरांत पोचला होता; त्यामुळे दक्षिणेकडील रूपांची संख्या अशा मोजणीत कमी भरणारच. शिवाय १९५० ते १९७० या काळात दक्षिणेतील फार मोठा कामगारवर्ग तोरिनो व मिलानो येथील कारखान्यांकडे आला. तोरिनोच्या यादीत आढळणारा एखादा फेरारो पिएमोंतेच्या बोलीची साक्ष देत नाही, तो आगगाडीच्या प्रवासाची साक्ष देतो. एन्त्सो काफारेल्ली आणि कार्ला मार्कातो यांच्या २००८ मध्ये निघालेल्या द्विखंड कोशाने आपल्या शीर्षकात ‘ऐतिहासिक’ हे विशेषण ‘व्युत्पत्तिविषयक’ याच्या आधी ठेवले आहे. या क्रमात विषयाची पुढची दिशा अचूक दाखवलेली आहे.

लोहारवाचक नावे इतकी का झाली, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. लोहार पुष्कळ होते म्हणून, असे उत्तर सहज दिले जाते, पण ते उलटे आहे. मध्ययुगीन इटलीत पुष्कळ होते ते शेतकरी. आणि नुसता ‘शेतकरी’ एवढाच अर्थ असलेली आडनावे त्यांच्या संख्येच्या मानाने अगदी थोडी आहेत. ज्या गावात सारेच नांगर धरतात तेथे नांगर धरणारा अशी ओळख सांगून कोणाचाच बोध होत नाही. लोहार मात्र गावात बहुधा एकच. दोन ज्योव्हान्नींपैकी कोणता, या प्रश्नाचे उत्तर ‘लोहार ज्योव्हान्नी’ हे सहज मिळते. म्हणजे आडनावांच्या विपुलतेवरून गावांची विपुलता सिद्ध होते, लोहारांची नव्हे. मोठ्या शहरांत परिस्थिती निराळी होती. फ्लॉरेन्समध्ये लोहारांची स्वतंत्र श्रेणी होती आणि जेथे लोहारांची गल्लीच असते तेथे लोहार म्हणून ओळख पटत नाही. धंद्याच्या पोटशाखांची नावे तेथे अधिक उपयोगी पडतात. घोड्यांना नाल मारणारा तो मानिस्काल्को. हा शब्द मूळ जर्मानिक असून त्याचा अर्थ ‘अश्वसेवक’. हाच शब्द राजदरबारी चढत जाऊन सेनापतिवाचक ‘मार्शल’ झाला आणि तबेल्यात राहिला तो नालबंद झाला. सिसिलीत ते आडनाव आजही आहे.

आता मुख्य मुद्दा. लोहाराला लोहार म्हणणे हे वर्णन आहे, आडनाव नव्हे. फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाने १४२७ मध्ये करआकारणीसाठी घरोघरच्या मालमत्तेची जी विस्तृत नोंदणी केली, तिच्यात अनेक कुटुंबप्रमुखांची ओळख स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आजोबाचे नाव एवढ्यावरच थांबते. कुळाचे नाव नाही. काहींच्या पुढे धंदा लिहिलेला आहे. हा धंदा वाचून तेथे आडनाव सापडले असे समजणे ही या अभ्यासातील सर्वात सामान्य चूक होय. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाह व बाप्तिस्मा यांच्या नोंदी ठेवण्याचे बंधन पॅरिशांवर घातल्यानंतर नावे हळूहळू स्थिरावली, आणि बोलण्यातले विशेषण वहीत जाऊन वारसाने मिळू लागले. यातून एक कसोटी निघते. ज्या नोंदीत फेरारी नावाचा मनुष्य लोहारकी करताना दिसतो, ती नोंद आडनावाविषयी काहीच सिद्ध करत नाही. ज्या नोंदीत फेरारी नावाचा मनुष्य पाव भाजतो किंवा खटले चालवतो, तेथेच नाव धंद्यापासून सुटून कुळाचे झाल्याचा पहिला भक्कम पुरावा मिळतो. विसंगती हाच पुरावा आहे. सुसंगतीने फक्त शंका वाढते.

या कसोटीला उत्तम उदाहरण दक्षिणेतील मानवतावादी विद्वान आन्तोनिओ दे फेरारीस याचे. १५१७ मध्ये वारलेला हा पुरुष व्यवसायाने वैद्य. त्याचे पूर्वज ग्रीक विधीने उपासना चालवणारे धर्मोपदेशक. घराण्याचे नाव लोहारांचे, पूर्वजांचा पेशा धर्माचा, स्वतःचा वैद्यकाचा. आणि जगाने त्याला ओळखले ते या तिन्हींनी नव्हे, तर गालातोने या जन्मगावावरून पडलेल्या ‘गालातेओ’ या नावाने. चतुर्घाती समीकरणाची रीत शोधणारा बोलोन्याचा गणिती लुदोव्हिको फेरारी (१५२२–१५६५) हा दुसरा दाखला. सोळाव्या शतकात नाव आणि धंदा यांची फारकत किती पूर्ण झाली होती हे यांवरून दिसते.

मराठी वाचकाने येथे विशेष दक्ष राहावयास हवे. लोहार, सुतार, सोनार ही नावे त्याच्या कानाला ज्ञातीची नावे म्हणून परिचित असतात आणि कुलकर्णी, देशपांडे ही वतनांची. दोन्हींत नावाबरोबर धंदा वा अधिकार वंशपरंपरेने चालतो असे गृहीत असते. हे गृहीत इतालियन नावांवर लादले की फेरारी म्हणजे इटलीतील लोहारांची ज्ञात अशी चमत्कारिक समजूत होते. इटलीत बापाचा भाता मुलाने चालवणे सामान्य होते. पण त्या भात्याने त्याचे लग्न, पंगत आणि देवळातली जागा ठरत नव्हती. म्हणूनच तेथे नाव मागे राहू शकले आणि धंदा पुढे निघून गेला.

रूपसादृश्याने होणारी फसवणूक हा निराळा विषय आहे, पण त्याला थोडी जागा दिली पाहिजे. फाब्रीत्सी हे आडनाव फाब्रीत्सिओ या व्यक्तिनामावरून आले आहे आणि ते व्यक्तिनाम एका प्राचीन रोमन कुळाचे. फाबी व फाबियानी यांचा संबंध फाबिओ या नावाशी. यांत ‘फाब’ ऐकून लोहार शोधू नये. फेरान्ते हे नाव फेर्दिनान्दोचे रूप असून नेपल्सच्या आरागोनी राजांमुळे ते दक्षिणेत लोकप्रिय झाले. त्यातल्या ‘फेर’चा लोखंडाशी संबंध नाही. याहून गंभीर अडचण सरकारी हस्तक्षेपाची. पहिल्या महायुद्धानंतर इटलीला मिळालेल्या प्रदेशांतील आडनावांना ‘इतालियन रूप परत देण्याचा’ हुकूम फॅसिस्ट राजवटीने १९२६ मध्ये त्रेंतो प्रांतासाठी काढला आणि १९२७ मध्ये तो त्रिएस्तेसह इतर जोडलेल्या मुलखांना लागू केला. स्लोव्हेन व क्रोएशियन कुटुंबांची हजारो नावे त्याखाली बदलली गेली. लोहाराला त्या भाषांत ‘कोवाच’ म्हणतात आणि तेथेही हे आडनाव तितकेच विपुल आहे. अशा प्रदेशातल्या इतालियन आडनावाची व्युत्पत्ती लॅटिनपर्यंत नेण्याआधी ते १९२७ पूर्वी त्या घरात होते काय, एवढे तरी पाहिले पाहिजे. ज्या ठिकाणी नाव हिरावून घेतले गेले त्या ठिकाणी नुसती व्युत्पत्ती सांगणे म्हणजे हुकूम काढणाऱ्याचेच म्हणणे नकळत पुन्हा मांडणे होय.

नावाचा अर्थ मागाहूनही घडवला जातो. मेदिची हे घराणे पेढीवर मोठे झाले. त्याच्या नावाचा शब्दार्थ ‘वैद्य’ असा आहे, पण त्या घराण्याच्या उत्कर्षात वैद्यकाचा काही भाग असल्याचे दिसत नाही. तरीही त्यांच्या कुलचिन्हातील गोळे हे औषधाच्या गुटिका होत ही आख्यायिका पसरली, आणि घराण्याने स्वतः वैद्यसंत कोस्मा व दामिआनो यांना आपले पाठीराखे मानले. सान मार्कोच्या वेदीसाठी फ्रा आंजेलिको याने रंगवलेल्या चित्रात हे दोघे संत मेदिचींचे प्रतिनिधी म्हणून गुडघे टेकून बसलेले आहेत. येथे नावाने वंशाचा इतिहास सांगितला नाही. नाव वाचून वंशाने आपल्याला एक इतिहास लावून घेतला. अर्वाचीन काळात असेच वाचन मोदेनाच्या फेरारींबाबत होते. एन्त्सो फेरारी (१८९८–१९८८) यांच्या वडिलांचा धातुकामाचा कारखाना होता आणि १९४७ पासून त्यांच्या नावाच्या मोटारी निघू लागल्या. तेव्हा नाव सार्थ झाले असे म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण त्याच सुमारास, १९४६ मध्ये, पिएमोंतेतील आल्बा येथे पिएत्रो फेरेरो यांनी मिठाईचा कारखाना काढला. दोन्ही आडनावांचा अर्थ एक. एकाने लोखंड घडवले, दुसऱ्याने हेझलनट आणि कोको यांचे मिश्रण. आणि वर सांगितलेल्या कसोटीने पाहता आडनाव म्हणून अधिक बोलका दाखला मिठाईवाल्याचाच आहे.

या शब्दाची एक शाखा भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली आहे. गोव्यातील ख्रिस्ती समाजात आढळणारे फेरेरा हे आडनाव पोर्तुगीज असून त्याचे मूळ ‘फेरारिया’, म्हणजे लोखंडाची खाण अथवा भट्टी, या लॅटिन शब्दात आहे. पोर्तुगालमध्ये या नावाची अनेक गावे आहेत आणि आडनाव गावावरून पडलेले आहे. फेरारीशी त्याचे नाते धातूचे, धंद्याचे नव्हे. सोळाव्या शतकापासून गोव्यात बाप्तिस्मा घेणाऱ्याला पोर्तुगीज आडनाव मिळे आणि ते बहुधा धर्मपित्याचे किंवा विधी करणाऱ्या धर्मोपदेशकाचे असे. त्यामुळे गोव्यातील फेरेराची व्युत्पत्ती लोखंडाच्या भट्टीपर्यंत नेऊन पोचवता येते, पण त्या घराच्या पूर्वजांविषयी तिच्यातून काहीही हाती लागत नाही. तो शोध कोशाबाहेर, पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत करावा लागेल. आणि तेथेही मुलाच्या नावाआधी धर्मपित्याचे नाव वाचावे लागेल.